सोड

नेटजवळ उभी असते तेव्हा
जोव्हिता मला दिसत नाही.
तिचे बूट ऐकू येतात,
बॉल आपटल्याचे दोन ठोके,
मग एक हुंकार, मग कानाजवळून सुसाट काहीतरी.
नऊ वर्षं मी एका बाईकडे पाठ करून
तिच्यावर विसंबून आहे.

पाठीमागे माझा डावा हात.
मूठ: मी जागेवरच, हलणार नाही.
उघडा पंजा: मी आडवी धावतेय, माझी रिकामी बाजू तू धर.
ती बॉल दोनदा आपटते.
म्हणजे कळलं.

फातोर्ड्यात नोव्हेंबरही घामट.
तीन गेममध्येच बॉल भिजल्या पावासारखे जड.
प्रेक्षक एकवीस, त्यातले सात कुलासो.
तिच्या आईने डब्यात सुंगटं आणलीत
आणि माझ्यासाठी वेगळं आळसांद्यांचं तोणाक,
तेही कांदा न घालता.
‘चवीचं विचारू नको,’ म्हणाली, ‘खा.’

फलकावर आमची आडनावं एका ओळीत मावत नाहीत.
पोराने लिहिलं: कुलासो – शेड.
शेडबाळेमधलं बाळे गेलं.
ऊन होतंच, म्हटलं असू दे.

पलीकडे ताश्कंदच्या दोघी, एकोणीस नि वीस,
पायांत स्प्रिंगा घालून आलेल्या.
आमची मिळून पासष्ट वर्षं,
एक टाके घातलेला गुडघा,
आणि एक पत्र: वास्कोच्या शाळेत पी. टी. टीचर,
सोमवारपर्यंत कळवावे.
गुडघा माझा. पत्र तिचं.

पहिला सेट त्यांचा, दुसरा आमचा,
मग दहाचा टायब्रेक.

मधोमध आलेल्या बॉलवर ती ओरडते, ‘म्हजो!’
मी ओरडते, ‘तुझा!’
कधी दोघीही माझा-म्हजो करत धावतो
आणि रॅकेटींचे दात एकमेकींत वाजतात.
पण एक शब्द तिच्याकडे नि माझ्याकडे सारखाच.
बाहेर जातोय, हात लावू नको.
सोड.

आठ-नऊ. सर्व्हिस तिची.
तेवढ्यात रस्त्यावरून तियात्राची गाडी, भोंग्यासकट:
आयतारी साडेसहाला, तिकिटं बेकरीत.
अंपायर थांबली, ताश्कंद थांबलं,
कलाकारांची नावं संपेपर्यंत
आम्ही चौघी घाम पुसत उभ्या.
मी मूठ दाखवली.
दोन ठोके.

रिटर्न माझ्या खांद्याच्या उंचीवर आला.
नुसती रॅकेट आडवी धरली असती तरी पुरलं असतं.
मागून: ‘सोड!’
मी सोडला.

वळून पाहिलं तर
लाइनवरची मुलगी वाकून, दोन्ही तळवे जमिनीकडे,
जणू तान्हं आत्ताच झोपलंय
आणि कुणी आवाज करायचा नाहीये.
आत.

डॉलरमधला एक आकडा. कर कापून,
निम्मा करून, तारा बदलल्याचे पैसे वजा जाता
माझ्या वाट्याला मिरजेपर्यंतची बस
आणि वर थोडा चहा.

‘सॉरी’ शब्दाला आमच्यात दंड आहे,
पहिल्याच वर्षी ठरलेला: दर वेळी दहा रुपये.
जोव्हिता काही बोलली नाही.
पाकीट उघडलं,
दहाची नोट माझ्या किटबॅगेवर ठेवली
आणि उडू नये म्हणून वर बॉल ठेवला.

तोणाक मी पुसून खाल्लं. खरंच बेचव होतं.

रात्री तिच्या स्कूटरवर मागे बसले,
दोघींच्या रॅकेटी माझ्या पाठीवर.
कोर्टावर माझी पाठ तिने एवढी पाहिलीय,
तिची मी आज पहिल्यांदा इतका वेळ बघतेय.
डाव्या खांद्याखाली शर्टाची शिवण उसवलीय.
पत्राचं विचारायचं होतं. विचारलं नाही.

मडगावच्या सिग्नलवर लाल लागला.
हँडलवरचा डावा हात सुटला,
सावकाश मागे आला, तिच्या कमरेपाशी,
मिटलेला.

मी तिच्या हेल्मेटवर
दोनदा ठोकलं.